लेबल छापावं की लिहावं?

आपण बनवलेल्या व्हायोलिन किंवा गिटारच्या आत कारागिराच्या नावाचं लेबल चिकटवायचं, तर ते इंकजेट प्रिंटरवर छापावं की हातानं लिहावं, असा प्रश्न पडतो. माझ्या मते मजकूर छापावा, पण साल, क्रमांक आणि सही हातानंच करावी. प्रसिद्ध व्हायोलिन-कारागीर आंतोनियो स्त्रादिवारीच्या लेबलांवरही नाव-गाव छापील आणि सालातले शेवटचे आकडे हातानं लिहिलेले असत.

साध्या इंकजेटची डाय शाई (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) ओल लागली की पसरते, आणि इथे तर मागून चिकटवायचा ओला सरस लागणार. म्हणून पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) किंवा लेझर प्रिंट. कागद आम्लरहित, शक्यतो कापसाच्या तंतूंचा. कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट रंग द्यायचा सल्ला काही जण देतात, तो मात्र मला अजिबात पटत नाही. वाद्य नवं आहे, तर लेबलही नवंच दिसू दे! थोर कारागिरांच्या नावांची लेबलं लावलेल्या कारखानी व्हायोलिनींनी आधीच पुष्कळ घोळ घातला आहे.

चिकटवायला गरम सरसच वापरा, तो पुढे कोमट पाण्यानं सोडवता येतो. वाद्याचं पोट बंद करण्याआधीच जागा ठरवा: व्हायोलिनमध्ये खर्जाच्या तारेकडच्या एफ-छिद्रातून (इंग्रजी f च्या आकाराच्या छिद्रातून), गिटारमध्ये गोल छिद्रातून मजकूर वाचता आला पाहिजे.

शिवाय लेबल कुणीही काढू किंवा बदलू शकतं. म्हणून वरची फळी बसवण्यापूर्वी तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं सही, तारीख आणि वापरलेली लाकडं लिहून ठेवा. ग्रॅफाइट फिकं पडत नाही, आणि पुढे दुरुस्तीसाठी वाद्य उघडणाऱ्याला ही माहिती फार उपयोगी पडते.