कुडची वांगं कुणाचं? शास्त्रज्ञांनी आधी इचारायचं की नाही?

सीमेवरचा :
काल आईनं भरल्या वांग्यासाठी वांगं चिरलं तर आत गुलाबी अळी, सगळं काळं पोखरलेलं. त्यावरनं बीटी वांगं आठवलं, म्हणजे अळी मारणारं जीवाणूचं जनुक घातलेलं वांगं. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं महिको या बियाणं कंपनीबरोबर ज्या जातींत बीटीचं जनुक घातलं त्यात मालापूर लोकल, मांजरी गोटा आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातली कुडची लोकल होती बघा. बी निवडून, राखेत घालून जपलं आपल्या आज्ज्यांनी. 2002 च्या जैवविविधता कायद्यात गावाला इचारणं, फायद्यात वाटा देणं सगळं लिहिलंय. ते झालं नाही म्हणून तक्रार झाली आणि 2011 साली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं कारवाई करायचं ठरवलं. मला वाटतं शास्त्रज्ञाची जबाबदारी प्रयोगशाळेत नाही, बी उचलतानाच सुरू होते.

खानापूरचा भाजीवाला :
दादा, मी वांगं लावतो, ऐका. अळी एकदा फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून सारखं फवारायचं, संध्याकाळी फवारलेलं सकाळी मार्केटात, रात्री जेवताना हाताला वास असतोच आणि पोरगं मांडीवर येऊन बसतं. जीएम पिकांना परवानगी देणाऱ्या केंद्राच्या समितीनं बीटी वांग्याला 2009 ला हो म्हटलं, फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेशनी थांबवलं, बांगलादेशात 2013 ला मंजूर पण झालं. थांबवणाऱ्यांची काहीच जबाबदारी नाही काय ओ?

बायोटेकवाली :
काका, तुमचं फवारणीचं खरं आहे. पण विचारण्याचं सोडून दिलं की काय होतं ते 2018 मध्ये चीनमध्ये दिसलं की, हे जियानकुई नावाच्या शास्त्रज्ञानं गर्भातली जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या, एथिक्सची कागदं खोटी निघाली, तीन वर्षं जेल. आम्हाला क्रिस्पर, म्हणजे जनुक कापून बदलायचं तंत्र, शिकवतात, परवानगी कुणाची घ्यायची ते एका तासात उरकतात.

खानापूरचा भाजीवाला :
बाळ, माणसाचं पोर आणि वांगं एका तागडीत घालू नको. पोराला नाही म्हणता येत नाही, मला येतं, बी नको असलं तर मी घेणार नाही.

सीमेवरचा :
काका, नाही म्हणायला आधी कुणी इचारायला तर पाहिजे की! मी बीटी नकोच म्हणत नाही. मे 2025 मध्ये जीन एडिटेड, म्हणजे स्वतःचंच जनुक बदललेल्या, भाताच्या दोन जाती जाहीर झाल्या, बाहेरचं जनुक नसलं की जीएमचे (बाहेरचं जनुक घातलेल्या पिकांचे) कडक नियम पण लागत नाहीत. उद्या आपला बेळगाव बासमती भात असा बदलायला घेतला तर? तुमच्या पंचायतीत त्या 2002 च्या कायद्यातली जैवविविधता समिती आहे का, त्यात कोण कोण हाय, उद्या जाऊन बघता का? मी आमच्याकडची बघतो.