घरच्या सायकलिंगसाठी स्मार्ट ट्रेनर : व्हील-ऑन की डायरेक्ट ड्राइव्ह?

पाऊणचाक

स्मार्ट ट्रेनर (सायकल घरात जागेवर चालवायचं, ॲपला जोडलेलं यंत्र) घ्यायचं पक्कं आहे, कुठला घ्यायचा यावर घोडं अडलंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

सायकल ॲल्युमिनियमची हायब्रीड. ७०० बाय ३५ चे टायर, पुढे ४६/३० च्या दोन चकत्या, मागे ८ गिअरची ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच, त्यातली एकेक चकती म्हणजे 'दाता'), डिस्क ब्रेक, मागचं चाक साध्या क्विक रिलीजचं (लिव्हरने आवळायचं). आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास चालवायची आहे. त्यात दोन दिवस ठरावीक वॉटचे इंटरव्हल आणि एखाद्या दिवशी झ्विफ्टवर (पडद्यावर आभासी रस्ते दाखवणारं सायकलिंगचं ॲप) चढ. माझं आणि सायकलचं मिळून वजन ९० किलो. घर वरच्या मजल्यावर, खाली शेजारी राहतात.

व्हील-ऑन (मागचं चाक ट्रेनरच्या रोलरवर टेकवायचं) पुरेल का, की डायरेक्ट ड्राइव्ह (मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरवर) हवा? खोक्यावर "अचूकता अधिक-उणे १ टक्का, २२०० वॉट, २५ टक्के चढ" असं छापलेलं असतं, त्यातलं काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं? आणि ८ गिअरची सायकल डायरेक्ट ड्राइव्हवर बसते का? एकाने ११ गिअर लागतात असं सांगितलं.

चेनगार्ड

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेकांची खरेदी तिथेच फसते. ट्रेनरचे आकडे नंतर, आधी सायकलची मागची बाजू मोजा.

डिस्क ब्रेकच्या क्विक रिलीज हायब्रीडला मागच्या दोन ड्रॉपआउटच्या (फ्रेमच्या ज्या खाचांत चाक बसतं त्या) आतल्या बाजूंमधलं अंतर साधारणपणे १३५ मिमी असतं. जुन्या रोड बाइकला १३०, थ्रू ॲक्सलला (चाकातून आरपार जाणारा जाड दांडा) १२ बाय १४२ किंवा १२ बाय १४८. चांगल्या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरसोबत १३०/१३५ आणि १४२ चे ॲडॉप्टर येतात, १४८ चे मात्र बऱ्याचदा वेगळे घ्यावे लागतात. तुमचं काम सोबतच्याच ॲडॉप्टरवर होईल. बऱ्याच ट्रेनरांत १३० आणि १३५ साठी एकच तुकडा असतो, तो उलटा-सुलटा करून बसवायचा. चुकीच्या बाजूने बसला तर फ्रेम ओढून बसवावी लागते. तशी ती जबरदस्तीने बसवू नका.

८ गिअर अजिबात अडचण नाही. शिमानो पद्धतीच्या ११ गिअरच्या फ्रीहबवर (कॅसेट ज्यावर चढते तो भाग) ८, ९ आणि १० गिअरच्या कॅसेट बसतात, फक्त कॅसेटच्या मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो (१० च्या काही कॅसेटना आणखी १ मिमीचा). ट्रेनरवर आधीच बसवून आलेली ११ गिअरची कॅसेट मात्र तुमच्या उपयोगाची नाही. तुमची चेन तिच्या दात्यांमध्ये घासेल आणि ८ गिअरच्या शिफ्टरची एकेक खट् तिच्या अंतराशी जुळणार नाही. म्हणून एकतर बिनकॅसेटचा ट्रेनर घ्या आणि ८ गिअरची वेगळी कॅसेट टाका, नाहीतर ८ गिअरची कॅसेट बसवून मिळणारा प्रकार बघा.

आणि एक गोष्ट तपासा. ७ गिअरच्या स्वस्त सायकलींना कॅसेट नसते, हबवर आट्यांनी बसणारा फ्रीव्हील असतो. त्यांनाही ट्रेनर चालतो. ७ आणि ८ गिअरच्या दात्यांमधलं अंतर जवळपास सारखंच (५ आणि ४.८ मिमी), त्यामुळे ट्रेनरवर ८ ची कॅसेट टाकून त्यातले सात गिअर वापरता येतात. हे तुमच्यासाठी नाही, पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

तिरपा दांडा

सगळेच आता डायरेक्ट ड्राइव्हचं कौतुक करतील, म्हणून व्हील-ऑनची बाजू मांडतो. वजनाने हलका, घडी होऊन पलंगाखाली जातो, चाक काढायची भानगड नाही. सकाळी बाहेर आणि संध्याकाळी घरात चालवणाऱ्याला तोच सोयीचा. पॉवरची अचूकता साधारण अधिक-उणे ३ ते ५ टक्के. म्हणजे २०० वॉट दिसतायत तेव्हा खरे १९० ते २१० च्या दरम्यान. व्यायामासाठी एवढं चालतं, बशर्ते चूक रोज सारखीच असेल.

खरी मेख तिथेच आहे. टायरमधली हवा आणि रोलरचा दाब बदलला की आकडे बदलतात. दर वेळी बसण्याआधी हवा एकाच दाबाला भरायची, रोलर टायरला टेकल्यावर कंपनीने सांगितले तेवढेच फेरे नॉब पिळायचा, मग १० मिनिटं चालवून टायर गरम झाल्यावर स्पिनडाउन घ्यायचं (वेग वाढवून पाय थांबवायचे, चाक किती वेळात मंदावतं त्यावरून ट्रेनर आपले आकडे जुळवतो). थंड टायरवर घेतलेलं स्पिनडाउन विसाव्या मिनिटाला खोटं ठरतं. दाब बरोबर आहे का हे बघायला रोलर एका हाताने धरा आणि चाक दुसऱ्या हाताने झटक्याने फिरवा. टायर सरकला तर दाब कमी आहे. रोलरखाली काळी भुकटी साचत असेल तरी टायर घसरतोय किंवा जास्तच तापतोय हे समजा.

हायब्रीडच्या टायरला खाचा किंवा गुठळ्या असतील तर तो रोलरवर घरघर करतो आणि लवकर झिजतो. गुळगुळीत किंवा खास ट्रेनरसाठीचा कडक रबराचा टायर लागतो. तो मात्र रस्त्यावर नेऊ नका, ओल्या रस्त्यावर पकड नसते. म्हणजे दोन्हीकडे चालवायची तर मागचं दुसरं चाकच हवं, आणि मग व्हील-ऑनची सोय अर्धी संपली.

वॉटवाला

तिरपा दांडा यांच्याशी सहमत, पण ठरावीक वॉटचे इंटरव्हल म्हटल्यावर माझं मत डायरेक्ट ड्राइव्हला.

आता खोक्यावरचे आकडे. २२०० वॉट सोडून द्या. तो आकडा ट्रॅकवरच्या स्प्रिंटरचा, तोही काही सेकंदांचा.

२५ टक्के चढही तुमच्या कामाचा नाही, हिशेब करून बघा. ९० किलो घेऊन १६ टक्क्यांच्या चढावर ताशी ५ किमीने जायलाच सुमारे २०० वॉट लागतात. तुमचा सगळ्यात हलका गिअर ३०/३४, पेडलच्या एका फेरीत सायकल १.९ मीटर पुढे जाते. म्हणजे ताशी ५ किमीला केडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) जेमतेम ४४. गिअर तिथेच संपले, २५ टक्के घेऊन करायचं काय? शिवाय झ्विफ्टमध्ये ट्रेनर डिफिकल्टी नावाची सेटिंग मुळात ५० टक्क्यांवर असते, म्हणजे पडद्यावरचा १६ चा चढ पायांना ८ चा वाटतो. चढ चढायला लागणारी मेहनत त्याने कमी होत नाही, फक्त गिअर बदलायची गरज कमी होते. वाहू कंपनीच्या किकर कोअर या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरच्या पहिल्या आवृत्तीचे आकडे १८०० वॉट, १६ टक्के आणि अधिक-उणे २ टक्के होते. तुमच्या वापराला एवढे भरपूर.

बघायचं ते हे : अचूकता २ ते २.५ टक्क्यांच्या आत, ॲपकडून रेझिस्टन्सचं नियंत्रण (फक्त पॉवर पाठवणाऱ्या जुन्या ट्रेनरांवरही "स्मार्ट" छापलेलं असतं, त्यांना भुलू नका), आणि फ्लायव्हीलचं (ट्रेनरमधलं फिरतं जड चाक) वजन. जड फ्लायव्हील पेडलच्या वर-खालच्या टोकांना पाय अडकू देत नाही, रस्त्यासारखं वाटतं. ५ किलोच्या आसपास असलं की छान. काही ट्रेनर हेच काम मोटरने करतात, तिथे वजनाची तुलना करू नये.

अर्ग मोडबद्दल थोडं सविस्तर, कारण इंटरव्हल तुम्ही त्यातच कराल. ॲप सांगतं २२० वॉट, ट्रेनर काहीही करून २२० ठेवतो. केडन्स पडला की तो रेझिस्टन्स वाढवतो, त्याने केडन्स आणखी पडतो, आणि दहा सेकंदांत पेडल दगड होतं. तिथे जोर लावून उपयोग नाही. पाय थांबवा, दोन-तीन सेकंदांनी हलक्याने सुरुवात करा, केडन्स ८५-९० ला आला की रेझिस्टन्स हळूहळू परत येऊ द्या. इंटरव्हल सुरू व्हायच्या चार-पाच सेकंद आधी केडन्स पाचने वाढवून ठेवला तर ही वेळच येत नाही. मध्येच गिअर बदलू नका, प्रत्येक बदलाला ट्रेनर नव्याने हिशेब करतो आणि वॉट उड्या मारतात.

डायरेक्ट ड्राइव्हवर अर्गमध्ये पुढची छोटी चकती आणि मागचा मधला दाता ठेवा. फ्लायव्हील सावकाश फिरतं, ट्रेनर लवकर प्रतिसाद देतो, आवाजही कमी. मोठ्या चकतीवर छोटा दाता टाकून वॉर्मअपचे १०० वॉट मागितले तर कित्येक ट्रेनर तेवढे खाली येतच नाहीत. व्हील-ऑनचं उलटं आहे. चाक सावकाश फिरत असेल तर त्याला मोठे वॉट धरताच येत नाहीत, तिथे मोठी चकती हवी.

पाऊणचाक

धन्यवाद मंडळी! डायरेक्ट ड्राइव्हकडे कल झालाय. चेनगार्ड, कॅसेट घरी बसवता येईल का? की दुकानात न्यावी?

चेनगार्ड

घरीच होईल. नव्या ट्रेनरवर कॅसेट नसेल तर फक्त लॉकरिंगचं टूल आणि मोठा पाना पुरतो. आधीची काढायची असेल तर चेन व्हिपही (कॅसेट धरून ठेवायचं हत्यार) लागतो, नाहीतर फ्रीहब फिरत राहतो.

फ्रीहबवर आधी १.८५ चा स्पेसर, मग कॅसेट. फ्रीहबच्या खाचांपैकी एक बाकीच्यांहून वेगळ्या रुंदीची असते, तिच्याशी जुळवल्याशिवाय दाते सरकत नाहीत, म्हणून ठोकू नका. शेवटचे छोटे दाते सुटे असतात, त्यांच्या मधल्या चकत्या विसरू नका. लॉकरिंगच्या आट्यांना किंचित ग्रीस, आणि ४० न्यूटन-मीटरला घट्ट करा. शेवटी कटकट असा आवाज येतो तो लॉकरिंगच्या दात्यांचा, घाबरू नका. मग कॅसेट हाताने धरून हलवून बघा. खुळखुळली तर स्पेसर राहिला आहे किंवा छोटा दाता खाचेत नीट बसलेला नाही.

सायकल चढवताना मागची चेन आधी सगळ्यात छोट्या दात्यावर आणा, मगच चाक काढा. चाक निघाल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये लगेच प्लास्टिकची पट्टी घाला. ती नसताना चुकून लिव्हर दाबला तर हायड्रॉलिक ब्रेकचे पिस्टन बाहेर येतात, पॅड जवळ येतात आणि नंतर रोटर आत जात नाही. पट्टी सापडत नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडीही चालते. कॅलिपर ट्रेनरच्या अंगाला घासत नाही ना, हे क्विक रिलीज आवळण्याआधी बघून घ्या.

ट्रेनरची कॅसेट तुमच्या चाकातल्या कॅसेटपेक्षा अर्धा-एक मिमी आत-बाहेर असतेच. गिअर खरखरला तर डिरेलरच्या (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) केबलचा बॅरल ॲडजस्टर पाव-पाव फेरा फिरवून बघा. हॅन्गर आणि लिमिट स्क्रूला हात लावायची गरज सहसा नसते. चाक परत बसवल्यावर तेवढेच फेरे उलटे.

खालचा मजला

(नाव बघून माझा अनुभव कळलाच असेल.)

डायरेक्ट ड्राइव्ह शांत असतो हे खरं, पण ती शांतता तुमच्या खोलीतली. खालच्यांना आवाज नाही, कंप जातो. दोन्ही वेगळे, दोन्हींचे उपायही वेगळे. चेन साफ आणि तेल लावलेली असली की आवाज निम्मा होतो. कंपासाठी मात्र फक्त जाड फोमच्या टाइल टाकून भागत नाही, ट्रेनर डुलतो आणि पाय दाबला की आणखी हलतो. खाली घट्ट रबरची चटई, तिच्यावर १८ मिमीचं प्लायवूड, त्यावर ट्रेनरची मॅट. खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीकडे, तुळईच्या जवळ ठेवा, जमीन तिथे कमी लवते. आणि ट्रेनरचे पाय समतल करा, एक पाय अधांतरी असला तर प्रत्येक पेडलला ठक होतं.

पंख्यात काटकसर नको. छताचा पंखा पुरत नाही, जमिनीवरचा मोठा पंखा समोरून छातीवर हवा. बाहेर २५ च्या वेगाने वारा अंगावर येतो, घरात शून्य. घाम स्टेमच्या (हँडल धरणारा तुकडा) बोल्टवर आणि हेडसेटमध्ये जातो, मीठ ॲल्युमिनियम आणि स्टील दोन्हीला खातं. हँडलवर टॉवेल टाका, व्यायाम झाला की ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. महिन्यातून एकदा स्टेमचे बोल्ट एकेक करून काढून ग्रीस लावा, छापलेल्या टॉर्कलाच घट्ट करा. हँडलची टेप काढल्यावर आतून पांढरी पूड दिसली तर मीठ पोचलं म्हणून समजा.

पाऊणचाक

शेवटचं. फोनवर कंपनीचं ॲप, लॅपटॉपवर झ्विफ्ट, असं दोन्ही चालतं का? आणि मध्येच वीज गेली तर?

वॉटवाला

एका वेळी एकच. ब्लूटूथवर बरेच ट्रेनर एकाच ॲपला जोडलेले राहतात. पहिल्या दिवशी कंपनीच्या ॲपमधून फर्मवेअर अपडेट आणि स्पिनडाउन करा, मग ते ॲप पूर्ण बंद करा, नुसतं मागे सरकवू नका. "लॅपटॉपला ट्रेनर दिसत नाही" या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटतात. झ्विफ्टच्या जोडणीच्या पानावर पॉवर सोर्ससोबत रेझिस्टन्सच्या (जुन्या आवृत्तीत तिचं नाव कंट्रोलेबल होतं) चौकटीतही ट्रेनरचं नाव आलं पाहिजे. फक्त पॉवरमध्ये आलं तर वॉट दिसतील, चढावर रेझिस्टन्स बदलणार नाही. अँट प्लसचा (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी जोडणी) डोंगल वापरणार असाल तर एक-दोन मीटरच्या एक्स्टेन्शन केबलने तो ट्रेनरच्या खाली आणा. लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टशेजारी लावलेला डोंगल सिग्नल गमावतो.

वीज गेली की बहुतेक ट्रेनरचा रेझिस्टन्स एकदम सुटतो. उभं राहून जोर लावत असाल तर पाय मोकळा जातो, तेव्हा हात हँडलवर पक्के ठेवा. टॅक्स निओ २टी प्लगशिवायही चालतो, पेडलमधून तयार होणाऱ्या विजेवर. त्याची उतारावर चाक आपोआप फिरवण्याची सोय मात्र प्लग लागला असेल तरच. वीज वारंवार जात असेल तर हा मुद्दा अचूकतेच्या एका टक्क्याहून मोठा धरा.