किमोच्या दहाव्या-अकराव्या दिवशी रात्री ताप आला तर? आमचं गाव लातूरपासून सव्वा तासावर

तेरणाकाठ :
नमस्कार मंडळी. आमच्या मायला स्तनाचा कॅन्सर आहे, वय 54. गाव निलंगा तालुक्यात, किमो लातूरला चालू आहे. दर 21 दिवसांनी एक, आधी चार डोस लाल औषधाचे, मग दुसरं औषध. पहिल्या डोसला आमच्याकडून काय झालं ते आधी सांगतो, मग विचारतो.

डोस झाल्यावर आठ-नऊ दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी सांजच्याला माय म्हणाली, अंग कणकणायलंय. हात लावला तर कपाळ गरम. घरात थर्मामीटर नव्हता. दिवसभर 42 डिग्री ऊन, म्हटलं ऊन बाधलं असेल. कैरीचं पन्हं दिलं, तळपायाला कांदा चोळला, 650 ची पॅरासिटामॉल दिली. घाम फुटला, ताप उतरला, आम्ही बी झोपलो. दुसऱ्या दिवशी परत तेच. गावातल्या डॉक्टरनं कमरेत एक इंजेक्शन टोचलं, सलाईन लावलं. किमो चालू आहे एवढं सांगितलं त्यांना, पण कितवा दिवस ते त्यांनी विचारलं नाही आणि त्याला काही अर्थ असतो हे आम्हाला तरी कुठं माहीत होतं. तिसऱ्या दिवशी पहाटं मोरीपर्यंत गेली आणि तिथंच बसली. मला माझ्या मामाच्या नावानं हाका मारायली. जीप करून लातूर गाठलं तेव्हा वरचं बीपी 80. पांढऱ्या पेशी एकूण 700, त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, 12 टक्के. दोन दिवस आयसीयू, पाच दिवस वॉर्ड. वाचली.

सुट्टी देताना म्हणाले, फाईलमध्ये लिहिलेलं होतं की, ताप आल्यास लगेच संपर्क करा. होतं खरं. इंग्रजीत, शेवटच्या पानावर खालच्या ओळीत, आणि खाली दिलेला नंबर संध्याकाळी पाचनंतर कुणी उचलत नाही.

आता दुसरा डोस सोमवारी झाला. मंगळवारी सांजच्याला पेशी वाढवायचं पेग इंजेक्शन दिलं. आज चौथा दिवस. तर विचारायलो की, एक, पेग दिलं म्हणजे आता ताप येणार नाही का? दोन, रात्री ताप आला तर घरी अँटिबायोटिकची गोळी चालू करून सकाळी निघालं तर चालेल का? तीन, निलंग्यात दाखवायचं का थेट लातूर? आणि खाण्याचं काय, कुणी म्हणतं कच्चं बंद, कुणी म्हणतं दही बी बंद. माय तर दह्याशिवाय जेवत नाही.

काळी माती :
भाऊ, पपईच्या पानाचा रस आणि गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ. आमच्या चुलत्याच्या पेशी चार दिवसांत वर आल्या होत्या. करून बघा, नुकसान काही नाही.

परभणीची वहिनी :
काळी माती दादा, चुलत्यांना डेंग्यू होता का? त्यात प्लेटलेट उतरतात, ते वेगळं. इथं गोष्ट न्यूट्रोफिलची आहे. आणि नुकसान काही नाही असं म्हणू नका, गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि किमोवाल्याचं लिव्हर आधीच ओझ्याखाली असतं. रानातल्या पानांचा कच्चा रस तर त्या दिवसांत नकोच.

तेरणाकाठ, माझ्या मिस्टरांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता, सहा किमो झाल्या, त्यात दोनदा हाच प्रकार. पहिल्या वेळी तुमच्यासारखंच, दुसऱ्या वेळी मी तयार होते.

घरात दाराच्या मागे खुंटीला एक पिशवी. त्यात फाईलची झेरॉक्स, आधार आणि रेशनकार्ड, दोन जोडी कपडे, चार्जर, पाच हजार रोख आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात मराठीतून : ‘किमो चालू आहे. शेवटचा डोस अमुक तारखेला. ताप आला आहे. आधी सीबीसी आणि अँटिबायोटिक.’ सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी. हसतील लोक, हसू द्या. रात्री एक वाजता ड्युटीवरचं पोरगं डॉक्टर झोपेतून उठून आलं, व्हायरल आहे म्हणालं, उद्या ओपीडीला या. मी काही बोलले नाही, पुठ्ठा पुढे केला. तो वाचून त्याची झोप उडाली. माझ्या बोलण्यानं उडाली नसती, बायकांचं कोण ऐकतंय रात्री एकला.

कॅलेंडरवर डोसच्या दिवसापासून आकडे टाका, 1, 2, 3 असे. सात ते चौदा लाल पेनानं, तेव्हा पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत जावयाचा मेव्हणा आला तरी भेट ओसरीवरून. आणि एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं : मिस्टरांना पहिल्या पाच दिवसांत स्टिरॉइडच्या गोळ्या असायच्या, त्यानं ताप दबतो. तेव्हा नुसता काटा बघून निश्चिंत राहू नका. हुडहुडी भरली, बडबड वेडीवाकडी झाली, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले तर ताप नसला तरी उठा.

खाण्याचं म्हणाल तर कडक पथ्याचा फायदा सिद्ध झालेला नाही असं आमचे डॉक्टर म्हणाले. स्वच्छता महत्त्वाची. भाकरी तव्यावरून ताटात, पालेभाजी शिजवून, पाणी उकळून. आमच्याकडे टँकरचं पाणी, त्यामुळे उकळण्याला सूट नाही. मोसंबी, केळी स्वतःच्या हातानं सोलून. दही म्हणाल तर तापवलेल्या दुधाचं, घरी लावलेलं, त्याच दिवशीचं आम्ही देत होतो, पण पेशी खूप खाली असतील त्या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना विचारून. खाण्याहून मला भीती वाटते ती धुळीची. त्या दिवसांत तूर उफणायची नाही, कणगीतली ज्वारी काढायची नाही, कडबा हलवायचा नाही, सारवायचं तर नाहीच. बुरशीचे कण असतात त्यात, ते फुप्फुसात जाऊन बसतात. तुमच्या मायला खाटेवर बसवणं अवघड जाईल, मला माहीत आहे. आमचेही हे ऐकत नव्हते, खळ्यावर जाऊन उभे राहायचे.

डेकेअरवाला ब्रदर :
मी किमो वॉर्डात ब्रदर आहे, अकरा वर्षं झाली. वहिनींनी बरंच सांगितलं. मी फक्त वेळेचं सांगतो, कारण माणसं दगावतात ती उशिरानं.

पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल म्हणजे शरीराचे पोलीस समजा. त्या 500 च्या खाली गेल्या की आतड्यातले, तोंडातले, कातडीवरचे जंतूच रक्तात शिरतात. बाहेरून काही यायलाच पाहिजे असं नाही. आणि पोलीसच नाहीत म्हणून दंगा दिसत नाही : पू धरत नाही, सूज नाही, छातीच्या फोटोतसुद्धा निमोनिया नीट उमटत नाही. ताप एवढीच खूण. ती खूण तुम्ही गोळी देऊन पुसली, म्हणून दोन दिवस गेले. तुमची चूक काढत नाही, दर आठवड्याला एक तरी घर हेच करून येतं.

आकडा पाठ करा. तोंडात धरून एकदा 101 आला, किंवा 100.4 येऊन तासभर टिकला, की निघायचं. काखेतला भरवशाचा नाही, कमी दाखवतो. चहा-पाणी प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबून मोजा. डिजिटल थर्मामीटर दीड-दोनशेला मिळतो, दोन घ्या, एकाचा सेल ऐन वेळी जातोच. गुदद्वारातून मोजायचं नाही, एनिमा द्यायचा नाही, कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही. प्लेटलेटही खाली असतात, तिथंच रक्त साकळतं आणि जंतूंना घर मिळतं. पॅरासिटामॉल देऊ नका असं नाही, ताप मोजून, लिहून, डॉक्टरांशी बोलून मग द्या.

दवाखान्यात पाय ठेवल्यापासून एका तासात शिरेतून पहिला अँटिबायोटिक गेला पाहिजे. त्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायचं, म्हणजे रक्तात कोणता जंतू उगवतो ते बघायला नमुना. पिपटाझ, सेफेपिम, मेरोपेनेम यातलं एखादं असतं, कारण स्यूडोमोनास नावाचा जंतू यांना भितो, साध्या औषधाला भीत नाही. सीबीसीच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, रिपोर्ट मागून येतो.

गोळीचं विचारलंत. काही रुग्णांना गोळीवर घरी सोडतात हे खरं, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अमॉक्सिक्लॅव मिळून. पण ते डॉक्टर तपासून, गुण मोजून ठरवतात. मॅस्क नावाचा स्कोअर आहे, 26 पैकी 21 किंवा जास्त आले तर धोका कमी. त्यातही घर दवाखान्यापासून तासाभराच्या आत हवं आणि सोबत माणूस हवा. तुमच्या माय मागच्या वेळी बीपी 80 वर गेल्या होत्या आणि गाव सव्वा तासावर. त्यांच्यासाठी घरची गोळी विसरून जा.

निलंगा की लातूर? माझं मत असं : माणूस शुद्धीवर आहे, बोलतोय, नाडी बरी आहे, तर थेट लातूर, निघताना फोन करून. चक्कर, बडबड, गार हातपाय असेल तर आधी जवळचा सरकारी दवाखाना, शिरेत सुई, सलाईन, हाताशी असेल तो अँटिबायोटिक, आणि मग 108 नं पुढं. तिथल्या डॉक्टरांना तुमच्या किमोच्या डॉक्टरांशी फोनवर बोलू द्या. हे सगळं जमायला रात्रीचा चालणारा नंबर लागतो. उद्याच जा, ड्युटी डॉक्टरच्या नावे मराठीत किंवा इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून मागा, सही-शिक्क्याची. आणि वॉर्डातल्या सिस्टरचा नंबर घ्या. साहेबांचा मिळाला तरी ते उचलतील याची हमी नाही, सिस्टर उचलते.

पेगबद्दल : किमो संपल्यावर 24 तास सोडून देतात, तुमचं बरोबर दिलंय. त्यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही. पेशींची घसरण थोडी आधी येऊ शकते, म्हणून लाल पेन सातऐवजी पाचपासून चालवा. कंबर, मांड्या ठणकतील, ते त्या इंजेक्शनचं. पण ताप आला तर इंजेक्शनचा असेल म्हणून बसायचं नाही.

तेरणाकाठ :
ब्रदर, इंजेक्शन आम्ही लातूरहून घरी आणून गावातल्या नर्सताईकडून घेतलं. थर्मासात बर्फ टाकून आणलं. इंजेक्शन बर्फाला टेकलं होतं. खराब झालं असेल का?

डेकेअरवाला ब्रदर :
2 ते 8 डिग्री लागतं त्याला. गोठलं असेल तर घोटाळा. नुसतं गार होतं आणि औषध स्वच्छ पाण्यासारखं होतं तर बहुधा ठीक, पण हे डॉक्टरांना जरूर सांगा, लपवू नका. पुढच्या वेळी बर्फ आणि डबी यांच्यामध्ये टॉवेलची घडी. फ्रिजमध्येही मधल्या कप्प्यात, फ्रीझरला चिकटून नाही.

उदगीरचा लॅबवाला :
माझ्याकडे रोज किमोचे सीबीसी येतात. लोक रिपोर्ट बघतात आणि एकूण पेशींवर अडकतात. खरा आकडा काढायचा तो असा : एकूण पेशी गुणिले न्यूट्रोफिल टक्के भागिले शंभर. तुमच्या मायचं 700 ला 12 टक्के, म्हणजे 84. पाचशे ही लाल रेघ असताना 84. आणि उलटंही होतं. पेगनंतर एखाद्याच्या पेशी 30-40 हजार येतात, घरचे रडत येतात की आता ब्लड कॅन्सर झाला. तसं काही नसतं, औषधाचा जोर, उतरतो.

पेशी फार कमी असल्या की मशीनच्या टक्केवारीवर विसंबू नका, काचेवर स्लाईड करून हातानं मोजा म्हणा. आम्हाला कंटाळा येतो, पण म्हटलं की करतो.

कल्चरच्या बाटल्या तालुक्याला सहसा नसतात. नसल्या तर त्यांच्यासाठी अँटिबायोटिक थांबवायचं नाही. असल्या तर प्रत्येक बाटलीत मोठ्या माणसाचं 8-10 मिली रक्त लागतं. पाहुण्यांना चहा वाटल्यासारखं दोन-दोन मिली टाकतात आणि मग म्हणतात काहीच उगवलं नाही.

तेरणाकाठ :
आठ दिवसांनी लिहायलो. चिठ्ठी मिळाली, सिस्टरचा नंबर मिळाला.

मंगळवारी, नवव्या दिवशी, रात्री 9:20 ला 100.6. माय म्हणली, गोळी दे आणि झोप, सकाळी बघू. 9:50 ला परत मोजलं, 100.9. तोंडात एक पांढरा चट्टा होता तो टॉर्च लावून दिसला, दोन दिवस झोंबायलंय म्हणून सांगितलंच नव्हतं. तासाची वाट न बघता निघालो. सिस्टरला औसा रोडवरून फोन केला. 11:25 ला दारात, 11:30 ला रक्त घेतलं, 11:50 ला पिपटाझची बाटली टांगली. मी घड्याळ बघत होतो, तिथल्या वॉर्डबॉय मामानं विचारलं बी, गाडी पकडायची का दादा.

पेशी 1400, न्यूट्रोफिल 25 टक्के. म्हणजे 350. बीपी मात्र 110. चौथ्या दिवशी घरी आलो. मागच्या वेळचे सात, यंदाचे चार.

एक राहिलं. डॉक्टर म्हणले, तिसरा डोस बहुतेक आठवडाभर पुढं ढकलू किंवा थोडा कमी करू. डोस कमी केला तर कॅन्सरला मोकळं रान मिळत नाही ना?

डेकेअरवाला ब्रदर :
शाब्बास, 25 मिनिटं. आमच्याच वॉर्डात कधी कधी जास्त लागतात.

पुढं ढकलायचं की कमी करायचं हे ते पेशी बघून ठरवतील, तुम्ही एवढंच विचारा की उपचार बरं करण्यासाठी चाललाय का. तसं असेल तर ते शक्यतो डोस राखतात आणि पेग चालू ठेवतात. डोसच्या आदल्या दिवशी सीबीसी, 1500 च्या वर न्यूट्रोफिल असतील तर सहसा देतात. आणि तोंडासाठी मीठ-सोड्याच्या गुळण्या आजपासूनच, दिवसातून चार वेळा. चट्टा दिसला की दोन दिवस गप्प बसायचं नाही हे मायला तुम्ही सांगा, माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल.

परभणीची वहिनी :
आणि थर्मामीटरचा सेल बदला.