ब्रिटिश नौदल १८६५ च्या सुमारास ‘मागे’ गेलं ते हट्टापायी? नाही.

खाडीवाला:
काल इथे एकाने लिहिलं की ब्रिटिश नौदलाने मागून भरायच्या आर्मस्ट्राँग तोफा टाकून पुन्हा तोंडाकडून भरायच्या तोफा घेतल्या, त्या केवळ म्हाताऱ्या अ‍ॅडमिरलांच्या हट्टापायी. हे वाक्य कुणीतरी टाकतं आणि बाकीचे माना डोलावतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

७ इंची आर्मस्ट्राँग आठवा. वरच्या खाचेतून सुमारे ६० किलोचा व्हेंट-पीस, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, आत सोडायचा आणि मागून पोकळ पेच फिरवून तो घट्ट दाबायचा. पेच अर्धवट आवळलेला असला तरी बार उडायचा, अडवणारं काहीच नव्हतं. मग वायू फटीतून मागे येतो आणि ठोकळा वर भिरकावला जातो. तांब्याची कडी झिजली तरी तेच. जपानमधल्या कागोशिमावरचा ब्रिटिश हल्ला, ऑगस्ट १८६३: २१ तोफा, ३६५ बार, २८ अपघात. वर त्या जोडाला झेपेल इतकीच दारू घालायची, म्हणजे वेग कमी. चिलखतावर जुनी गुळगुळीत नळीची ६८ पौंडी सरस ठरली. अशी तोफ परत केली तर तो हट्ट कसा?

काळी_दारू:
आर्मस्ट्राँगचा जोड वाईट होता, मान्य. पण एक जोड वाईट म्हणून मागून भरण्याची पद्धतच वाईट, हे कुठलं तर्कशास्त्र? फ्रेंच नौदल त्याच दशकात खंडित आट्यांचा पेच वापरत होतं: एक छोटा फेर दिला की बंद.

आणि पुन्हा आणलेल्या तोंडभरणी तोफांचे, म्हणजे वूलविच या ब्रिटिश सरकारी कारखान्याच्या तोफांचे, गुण गाताना नळी खरवडली जायची हेही सांगा. गोळ्यावर ब्राँझचे खुंट, ते नळीतल्या चरांत बसवायचे. गोळा सैल, त्यामुळे जळता वायू वरच्या फटीतून पुढे पळतो आणि नळी खातो. शेवटी गोळ्याच्या बुडाला तांब्याचा गॅस-चेक, म्हणजे वायू अडवणारी चकती, लावावा लागला. थंडरर या ब्रिटिश युद्धनौकेवर तोफ फुटली, तिचं तर नावच नाही तुमच्या लेखात.

खाडीवाला:
फ्रेंचांच्या त्या तोफांची नळी बिडाची, वरून पोलादी कडी. तिच्यात दाब किती सोसणार? वूलविचची पोलादी नळी आणि तिच्यावर घडीव लोखंडाची वेटोळी, ही स्वस्त आणि दणकट होती. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी आलेल्या अबिसीनिया आणि मॅग्डाला या युद्धनौकांवर १० इंची तोंडभरणी होत्या, त्या काळच्या चिलखताला पुरेशा. थंडररवर झाली ती माणसांची चूक, तोफेची नव्हे.

गलबत:
‘माणसांची चूक’ हे शब्द वाचून राग आला. मेलेल्या ११ जणांवर दोष टाकण्याआधी भरण्याची पद्धत बघा.

२ जानेवारी १८७९, मार्मारा समुद्र. थंडररच्या पुढच्या तोफ-बुरुजात ३८ टनी १२ इंची दोन तोफा, एकदम उडवल्या. एकीचा बार उडालाच नाही. दोन्हींचा धूर एकत्र, आवाज एकच, कळणार कसं? तोफा हायड्रॉलिकने आत ओढल्या जातात, म्हणजे मागे आलेली तोफ धक्क्याने आली की यंत्राने, हेही दिसत नाही. मग तोंड खाली झुकवून डेकखालून भरणी. बुरुजातल्या माणसाला तोफेचं तोंड दिसतच नाही. गोळा आत ढकलणारा गज यंत्राचा, हाताला अडथळा जाणवत नाही. आत ११० पौंडांचा बार आणि गोळा तसाच, त्याच्यावर ८५ पौंड आणि दुसरा गोळा. पुढच्या वर्षी वूलविचला जोडीची तोफ मुद्दाम तशीच भरून उडवली, तीही तशीच फुटली. मागून भरायची तोफ असती तर झडप उघडताच जुना बार समोर दिसला असता.

खाडीवाला:
बार उडाला की नाही हे तपासणं कवायतीत बसवता आलं असतं. तेवढ्यासाठी सगळ्या तोफा बदलायच्या?

गलबत:
जी चूक दिसतच नाही ती कवायतीने कशी पकडायची? तुम्ही मुद्दा टाळताय.

निबेल_चुना:
तुम्ही दोघं थंडररवरून भांडत बसलात, तोंडभरणीला घालवलं दारूने. सावकाश जळणारी प्रिझम दारू आली, तिला लांब नळी हवी, तरच वेग मिळतो. लांब नळीचं तोंड भरण्यासाठी बुरुजात आणणार कसं? इन्फ्लेक्सिबल या ब्रिटिश युद्धनौकेच्या १६ इंची तोफा बुरुजाबाहेर, उतरत्या चिलखताखालून भराव्या लागत. १८८२ ला अलेक्झांड्रियावर ८८ गोळे टाकले, पण ती वाट तिथेच संपली. १८७९ ला जर्मन तोफा बनवणाऱ्या क्रुपने आपल्या मेपेनच्या चाचणी-मैदानावर लांब तोफा दाखवल्यावर वूलविचकडे उत्तर नव्हतं.

खाडीवाला:
ठीक आहे, दारू बदलली तेव्हाच तोफ बदलायला हवी होती. सत्तरच्या दशकाची शेवटची काही वर्षं तुमची. १८६५ चा निर्णय मात्र मी सोडणार नाही.

काळी_दारू:
शेवटची काही वर्षं नाही, फ्रेंच पेच समोर असताना घालवलेलं सगळं दशक.

खाडीवाला:
मागून भरायची म्हणून सुरक्षित असंही समजू नका. मे १८८६, कॉलिंगवूड या ब्रिटिश युद्धनौकेवरची मागून भरायची १२ इंची. कमी भरलेल्या बाराला नळीचा पुढचा भाग उडाला, कारण तिथे कडीच चढवली नव्हती.