मालकाने खोटे सांगून गाळा दिला. करार रद्द करता येईल का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
उपाहारगृहासाठी मी तळमजल्यावरचा एक गाळा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने घेतला. व्यावसायिक वापराची मंजुरी आहे का, असे सहीपूर्वी विचारल्यावर ‘मंजुरी आहे, निश्चिंत राहा’ असे मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले होते. आता महानगरपालिकेची नोटीस आली आहे. मंजूर नकाशात ती जागा पार्किंगची आहे आणि तशीच नोटीस मालकांना करारापूर्वीही मिळाली होती. मालक मात्र ‘जागेची व कागदपत्रांची खात्री करून घेतली आहे’ या कलमावर बोट ठेवतात. अनामत आणि फर्निचरचा खर्च परत मिळेल का?

उत्तर १:
खोटे आहे हे ठाऊक असताना, समोरच्याने करार करावा म्हणून केलेले विधान भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 17 नुसार कपट ठरते आणि कलम 19 नुसार असा करार फसवला गेलेल्या पक्षाला रद्द करता येतो. नेहमीच्या दक्षतेने सत्य कळू शकले असते, हा कलम 19 मधील अपवाद चुकीच्या निवेदनाला आणि कपटी मौनाला लागू आहे. उघड खोट्या उत्तराला नाही. म्हणून मालकांना जुन्या नोटिशीची माहिती असल्याचा पुरावा आपल्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. तिची प्रत माहिती अधिकारात मागावी.

उत्तर २:
मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मधील दोष उघड करण्याचे बंधन भाडेपट्ट्यापुरते आहे. लायसन्सबाबत भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चे कलम 57 केवळ धोकादायक दोषांबद्दल बोलते. त्यामुळे मालक गप्प राहिले असते, तर आपली बाजू बरीच कमकुवत झाली असती. लेखी उत्तर आहे म्हणूनच ती भक्कम आहे. तो मोबाइल कृपया बदलू नका, संदेश पुसू नका.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मात्र कपट कळल्यानंतरही भाडे भरत व्यवसाय चालू ठेवला, तर आपण करार मान्य केला असे मालकांचे वकील म्हणतील, आणि तो युक्तिवाद न्यायालयाला पटू शकतो. तेव्हा करार रद्द केल्याची नोटीस वकिलामार्फत स्पीड पोस्टाने लगेच पाठवावी आणि ताबा लेखी पोच घेऊन परत करावा. रद्द करण्याच्या दाव्याची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून 3 वर्षे आहे, पण तेवढे थांबणे घातक ठरेल. अनामत परत मागता येते. फर्निचरचा खर्च नुकसानभरपाई म्हणून वेगळा मागावा लागेल आणि त्यासाठी प्रत्येक बिल लागेल. करारात लवादाचे कलम आहे का, तेही कळवावे.