‘अतिसंवाहक’मधला ‘अति’ कोणता?

प्रश्न (अमळनेर)
मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. परवा वर्गात ‘अतिसंवाहक’ (सुपरकंडक्टर, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला होणारा रोध पूर्ण नाहीसा होतो असा पदार्थ) हा शब्द निघाला. फळ्यावर लिहून पुढे जाणार, तोच एका मुलीने विचारलं, “म्हंजे जास्ती चांगली तार शे का ती, बाई?” शेतातल्या मोटारीची केबल तापून मऊ पडते, हे तिने घरी पाहिलेलं. तिला ‘हो’ म्हणणं चूक, आणि ‘नाही’ म्हणावं तर शब्दच तिच्या बाजूने उभा. आपल्याकडे ‘अति’ म्हटलं की अतिवृष्टी, अतिरेक, अतिशहाणा. हा शब्द बदलावा का? ‘रोधशून्य’ कसा वाटतो?

उत्तर (धुळे)
ताई, मुलीने नेमकं बोट ठेवलंय. तांब्याची तार कितीही थंड करा, तिचा रोध घटत घटत एका ठिकाणी अडतो, शून्य होत नाही. पाऱ्याचं तसं नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ हाइके कॅमरलिंग ऑनेस १८८२ साली नेदरलँड्समधल्या लायडनला प्राध्यापक झाले आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्यांनी अधिकाधिक थंडी गाठण्यात घातली. १९०८ साली हेलियमचा द्रव झाला. १९११ साली गोठलेल्या पाऱ्याचा रोध मोजताना तो ४.२ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास एकाएकी नाहीसा झाला. आपण खानदेशातले लोक मे महिन्यात ‘पारा ४५ वर गेला’ म्हणतो. त्याच पाऱ्याने दुसऱ्या टोकाला हे दाखवलं.

तरीही ‘रोधशून्य’ मला अपुरा वाटतो. १९३३ साली माइसनर आणि ऑक्सेनफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञांना आढळलं की असा पदार्थ चुंबकीय क्षेत्र पोटातून बाहेर ढकलतो. नुसता रोध शून्य झाला असता तर थंड होण्याआधी आत असलेलं क्षेत्र आतच अडकून राहिलं असतं. म्हणजे ही चांगल्या तारेची पुढची पायरी नाही, पदार्थाची अवस्थाच वेगळी आहे. एका प्रात्यक्षिकात मी हे जवळून पाहिलं. थर्माकोलच्या वाटीत काळी, बटणाएवढी चकती, वरून ओतलेला द्रव नायट्रोजन, पांढरी वाफ काठावरून टेबलावर उतरतेय, आणि चकतीच्या वर छोटा चुंबक अधांतरी. बोटाने टिचकी मारली तर गरगर फिरला. नायट्रोजन उडून गेल्यावर हळूच खाली टेकला. हे दृश्य ‘रोधशून्य’ या शब्दात मावत नाही.

उत्तर (जळगाव)
शब्द बदलू नका, उपसर्ग नीट उलगडा. संस्कृतात ‘अति’ला ‘फाजील’ हा अर्थ आहे तसाच ‘ओलांडून गेलेला’ हाही आहे. अतींद्रिय म्हणजे फार तीक्ष्ण इंद्रियांचं नव्हे, इंद्रियांच्या पलीकडचं. अतिक्रमण, अतीत हे त्याच घरातले. संवाहकाची हद्द ओलांडली तो अतिसंवाहक. ऑनेस यांनीही आधी ‘सुप्रा’ हा लॅटिन उपसर्ग लावला होता, ‘वर, पलीकडे’ या अर्थाचा. आपला ‘अति’ त्याला चपखल बसतो.

खरी अडचण मला ‘संघनित द्रव्य’मध्ये (कंडेन्स्ड मॅटर, अतिसंवाहकांचा अभ्यास ज्या शाखेत होतो तिचं नाव) वाटते. मुलं संघनन शिकतात ते गार पाण्याच्या पेल्याबाहेर जमणाऱ्या थेंबांवरून. पूर्वी ‘घन अवस्था’ म्हणत, पण द्रव हेलियम त्यात कसा घालणार? म्हणून केंब्रिजला फिलिप अँडरसन आणि फोल्कर हाइने या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६७ साली आपल्या गटाचं नाव ‘घन अवस्था’ऐवजी ‘संघनित द्रव्य’ असं बदललं. अणूंची दाटी झाली की त्यांच्या एकत्र वागण्यातून जे उपजतं, त्याचा हा अभ्यास. ‘दाट द्रव्य’ म्हणून पाहा. आमच्याकडे वरण दाट होतं तेव्हा कुणी ते घन झालं म्हणत नाही.

प्रश्नकर्ती (अमळनेर)
दोघांचेही मनापासून आभार, सर. आज फळ्यावर ‘अतिसंवाहक’शेजारी ‘अतींद्रिय’ लिहिलं आणि मुलीला सांगितलं, ही जास्त चांगली तार नाही, तारेपलीकडचं काहीतरी आहे. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता: “मंग आमनी केबल तशी कव्हय व्हई?” मी सांगितलं की १९८७ साली सापडलेला इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचा पदार्थ ९२ केल्विनला अतिसंवाहक होतो, म्हणून त्याला महागडा हेलियम लागत नाही, द्रव नायट्रोजन पुरतो. पण तेही उणे १८० अंशांच्या खाली. विहिरीपासून मोटारीपर्यंत तेवढी थंडी टिकवायची कशी, हे तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.