अमेरिकेतल्या जुन्या अपार्टमेंटची थकबाकी आणि कलेक्शनवाल्यांचे फोन : तुमचे अनुभव लिहा

अपार्टमेंट सोडून वर्षं लोटतात आणि अचानक अनोळखी नंबरवरून फोन येतो, की जुन्या घराचं भाडं तुमच्या नावावर थकलंय. भाच्याला नुकताच असा फोन आला. पोरगा इतका घाबरला, की कार्डचा नंबर सांगायच्या बेतात होता. मी म्हटलं, फोनवर काही कबूल करू नकोस, सगळं लेखी मागव. पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत वसुली एजन्सीनं, म्हणजे कलेक्शनवाल्यांनी, तुम्हाला थकबाकीचा तपशील द्यायचा असतो. तो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत घेतली, की पुरावा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. पण पुढची घासाघीस कशी करायची? ज्यांनी केलीय त्यांनी सविस्तर सांगा. राज्य आवर्जून लिहा, कारण नियम राज्यागणिक बदलतात.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

आमच्याकडे 3,140 डॉलरची मागणी होती. हरकतीचं पत्र सर्टिफाइड मेलनं पाठवलं, पोचपावती जपून ठेवली. हिशेबाची फोड हातात आली तेव्हा कळलं, की 1,650 नव्या कार्पेटचे, 420 रंगकामाचे आणि फक्त 1,070 भाड्याचे होते. वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. मी विचारलं, कार्पेट कोणत्या साली टाकलं होतं? आम्ही राहायला गेलो त्या दिवशीच्या फोटोत खिडकीखालचा पट्टा उन्हानं फिका पडलेला स्वच्छ दिसत होता. तो फोटो जोडला. शिवाय इथे भाडेकरूनं घर सोडल्यावर 21 दिवसांत घरमालकानं डिपॉझिटमधल्या कपातीचा हिशेब द्यायचा असतो, तो आम्हाला मिळालाच नव्हता. हेही पत्रात घातलं.

फोनवरच्या बाई आधी ताठ होत्या. "20 टक्क्यांच्या वर सोडता येत नाही." मी म्हटलं, भाड्याचे 1,070 देतो, बाकीच्याचा पुरावा दाखवा. त्यानंतर मी फोन केलाच नाही. महिनाअखेरीस त्यांचाच आला, आणि 1,070 वर मिटलं. मिटल्याचं पत्र आधी घेतलं, पैसे नंतर दिले.

डॅलस, टेक्सास

आम्ही चौघं विद्यार्थी एकाच लीजवर होतो. लीज संपायला तीन महिने असताना घर सोडलं, आणि मागणी तीन महिन्यांच्या भाड्याची आली, तीही एकट्या माझ्याकडे. बाकीचे तिघं भारतात. आमच्या लीजमध्ये प्रत्येकजण पूर्ण रकमेला बांधील असं कलम होतं, त्यामुळे "माझा हिस्सा मी भरलाय" हे उत्तर चाललं नाही. चाललं ते वेगळंच. इथे घरमालकानंही रिकामी जागा पुन्हा भाड्यानं द्यायची खटपट करायची असते. शेजारच्या काकूंकडून कळलं होतं, की आमच्या जागी महिन्याभरात दुसरं कुटुंब आलं. मी लेखी विचारलं : पुढच्या भाडेकरूचं लीज कोणत्या तारखेपासून सुरू झालं? तीन महिन्यांचं भाडं एका महिन्यावर आलं.

पुणे (पूर्वी ह्यूस्टन)

बोलणी करण्याआधी मुदत तपासा. लेखी करारावर दावा लावायची मुदत टेक्सासमध्ये चार वर्षं आहे, इलिनॉयमध्ये दहा. मुदत उलटली असेल तर कलेक्शनवाल्यांना दावा लावता येत नाही, तशी धमकीही देता येत नाही. पण बऱ्याच राज्यांत थोडीशी रक्कम भरली तरी मुदत नव्यानं सुरू होऊ शकते. म्हणून "सध्या 50 डॉलर तरी भरा" याला भुलू नका. क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, थकबाकीची नोंद सात वर्षं राहते, तो वेगळा हिशेब आहे, पैसे भरल्यानं ती सात वर्षं लांबत नाहीत.

शिकागो, इलिनॉय

माझं देणं खरं होतं आणि मला ते फेडायचंच होतं. अडचण अशी, की क्रेडिट रिपोर्टवरच्या त्या नोंदीमुळे नवीन घराचे अर्ज नाकारले जात होते. पूर्ण रक्कम देते, पण असे रिपोर्ट ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडची नोंद काढायचं लिहून द्या, असं म्हटलं. एजन्सी ऐकेना. मग जुन्या अपार्टमेंटच्या मॅनेजमेंटला थेट गाठलं. त्यांनी खातं एजन्सीकडून परत घेतलं, पैसे स्वतः घेतले आणि नोंद गेली. मूळ मालकाशी बोलायचं लोकांच्या डोक्यातच येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एडिसन, न्यू जर्सी

माझ्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, "पैसे भर, नाहीतर तुझा एच-वन रद्द करायला लावू." दोन रात्री घरात कोणाला धड झोप नव्हती. घरभाड्याचं देणं हा दिवाणी मामला आहे. अटकेची किंवा व्हिसाची अशी खोटी धमकी देणं बेकायदा आहे. नव्यानं आलेल्या मुलांना हे कोणी सांगत नाही आणि ती गपचूप घरून पैसे मागवतात, याचा मला फार संताप येतो. आम्ही प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं, सीएफपीबीकडे (ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी बघणारी केंद्र सरकारची अमेरिकन संस्था) ऑनलाइन तक्रार केली आणि ऑफिसात फोन करू नका असं लेखी कळवलं. फोन थांबले, पुढचं सगळं पत्रानं चाललंय.

रक्कम अजून ठरायची आहे. इथे डिपॉझिटवरचं व्याज भाडेकरूचं असतं. ते थकबाकीतून कोणी वळतं करून घेतलंय का? पत्रात नेमकं काय लिहिलंत?